चार वेब सर्व्हर, एकच फोटोसाठा: सामायिक स्टोरेजच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

साइटची सध्याची मांडणी अशी: पुढे विनंत्या वाटून देणारे दोन एचएप्रॉक्सी, मागे चार वेब सर्व्हर (वेब-१ ते वेब-४), डेटाबेस वेगळ्या मशीनवर. वाचक सणावाराचे फोटो पाठवतात आणि ते सगळे एकाच जुन्या एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून सगळ्यांना त्याच फायली पुरवणारं मशीन) जातात. वेब सर्व्हर चार असले तरी तो एक बसला की चारही बसतात.

साठा १.१ टीबी, फायली सुमारे ४२ लाख. त्यातले मूळ फोटो ९ लाख, उरलेली त्यांचीच वेगवेगळ्या मापांची थंबनेल, म्हणजे छोट्या प्रती. फोल्डर दोन पातळ्यांचे, २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६.

बजेट ६ लाख रुपये, जीएसटी धरून. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे आणि घरच्या आराशीचे फोटो त्याच दिवशी दुपारपासून येऊ लागतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर स्टोरेजला हात लावायचा नाही, हे आजच ठरवून टाकलं.

४ जून

खरेदीचं बोलण्याआधी एक यादी: चारही सर्व्हरना एकत्र काय लागतं? आजवर सोय म्हणून कोड, सेशन (वाचकाच्या भेटीची आठवण), कॅश (तात्पुरत्या प्रती), लॉग (नोंदी) सगळंच एनएफएसवर ठेवलेलं होतं.

कोड तिथून हलवला. एका पानासाठी पीएचपी (साइटचा कोड ज्यात आहे ती भाषा) ४०० फायली चाळत असेल आणि प्रत्येक फाइल उघडताना 'बदलली का?' हे सर्व्हरला विचारायची एक फेरी ०.२ मिलिसेकंदाची धरली, तरी नुसत्या विचारण्यात ८० मिलिसेकंद जातात. ऑपकॅश, म्हणजे तयार कोड मेमरीत ठेवणारा भाग, असला तरी मूळ मांडणीत तो ठरावीक वेळाने फायलींच्या तारखा तपासतोच. आता कोड प्रत्येक वेब सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर आहे. नवी आवृत्ती आरसिंकने (नक्कल करणारा प्रोग्राम) नव्या फोल्डरात उतरवायची, मग सिमलिंक, म्हणजे फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, तिकडे फिरवायची. सिमलिंक फिरवल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रक्रिया चालवणारी सेवा) रिलोड करायला विसरू नये. पीएचपी खरा पत्ता १२० सेकंदांपर्यंत लक्षात ठेवतं, तेवढा वेळ निम्म्या विनंत्या जुन्या कोडवर जातात.

सेशन रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या डेटाबेसात. फाइलमधलं सेशन पीएचपी लॉक करतं. ते लॉक नेटवर्कवरून घेतलं की एकाच वाचकाच्या चार विनंत्या एकमेकींमागे रांगेत उभ्या राहतात. कॅश आणि लॉग स्थानिक डिस्कवर.

उरले फक्त फोटो. एकदा लिहायचे, पुष्कळदा वाचायचे, बदलायचे जवळजवळ कधीच नाहीत. स्टोरेजचा प्रश्न या एका यादीने निम्मा सुटला.

९ जून

पर्याय तपासले. नाकारण्याची कारणं नीट लिहून ठेवतोय, नाहीतर वर्षभराने तीच चर्चा पुन्हा होते.

एलसिंकडीने, म्हणजे बदल दिसताच नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने, चारही डिस्क एकसारख्या ठेवणं. सगळ्यात स्वस्त, पण वेब-१ वर चढलेला फोटो पुढच्याच विनंतीत वेब-३ कडे मागितला जातो आणि तिथे तो अजून पोचलेला नसतो. शिवाय आयनोटिफाय, म्हणजे लिनक्समधली बदल कळवणारी सोय, प्रत्येक फोल्डरमागे एक पहारा मागते. जुन्या कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) ८,१९२ ची मर्यादा आपल्या ६५,५३६ फोल्डरांना पुरत नाही. ती वाढवता येते, पण दोन बाजूंनी एकाच वेळी झालेल्या खोडण्याचा गुंता तसाच राहतो.

आयस्कझी, म्हणजे नेटवर्कवरून दिलेली डिस्क. एकच लन (अशी एक डिस्क) चार सर्व्हरना देऊन त्यावर ईएक्सटी४ ही साधी फाइल सिस्टम माउंट करणं (वापरासाठी जोडणं) म्हणजे डेटा गमावणंच. प्रत्येक कर्नल रिकाम्या ब्लॉकांचा हिशेब आपापल्या मेमरीत ठेवतो, दुसऱ्याने काय लिहिलं ते त्याला कळत नाही. दोन दिवस सगळं ठीक दिसतं, मग फाइल सिस्टम फाटते. खरी क्लस्टर फाइल सिस्टम म्हणजे जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ घेतली तर हे टळतं, पण मग चारही वेब सर्व्हर स्टोरेज क्लस्टरचे सभासद होतात. एक वेब सर्व्हर गोठला की त्याचं फेन्सिंग (जबरदस्तीने बंद पाडणं) होईपर्यंत बाकी तिघांच्या फायलीही अडकतात. वेब सर्व्हर कधीही बंद करता यावा, एवढ्यासाठीच तर ते चार ठेवले आहेत.

ग्लस्टरएफएस, अनेक मशीनवर फायलींच्या प्रती ठेवणारी फाइल सिस्टम. चाचणी घेतली. मोठ्या फायलींना चांगलं चालतं. लहान फायलींना प्रत्येक शोध सगळ्या प्रतींकडे जातो आणि फोल्डरची यादी काढणं असह्य होतं. शिवाय रेड हॅटने ग्लस्टरवर आधारलेल्या आपल्या उत्पादनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. नव्या कामाला ते आता धरू नये.

सेफ, अनेक मशीन जोडून केलेला एकच साठा. भक्कम आहे, पण तीन मशीनच्या खाली सुरुवातच नाही. तीनपैकी एक मशीन गेलं तर काम चालतं, पण तिसरी प्रत बनवायला चौथी जागा नसते. दर डिस्कमागे ओएसडीला (डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) ४ जीबी मेमरी धरावी लागते, वर मॉनिटर आणि मेटाडेटा सर्व्हर वेगळे. पाच मशीन आणि ते रोज पाहणारा माणूस असेल तर सेफ घ्यावं. १.१ टीबीसाठी नाही.

ऑब्जेक्ट स्टोरेज, जिथे फाइल फोल्डरात न ठेवता एका नावाने नेटवर्कवरून ठेवायची आणि मागायची. लांबचा विचार केला तर फोटोंची जागा तिथेच आहे. पण ॲप्लिकेशन आज थेट फाइलच्या पत्त्यावर लिहितं, थंबनेल बनवणारा भागही तसाच. तो बदल गणपतीआधी होणार नाही. नवं लिखाण एका वेगळ्या थरातून व्हावं असं डेव्हलपरांशी ठरलं, म्हणजे पुढच्या वर्षी मार्ग मोकळा.

दोन कंट्रोलरांची तयार सॅन पेटी, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क पुरवणारं यंत्र. बजेटच्या पलीकडे. आणि वरून फाइल सर्व्हर तरीही लागतोच.

१२ जून

ठरलं: दोन स्टोरेज सर्व्हर, डीआरबीडीने (नेटवर्कवरून डिस्कची प्रत ठेवणारी सोय) एकमेकांची प्रत, वर एक्सएफएस ही फाइल सिस्टम, त्यावर एनएफएस ४.२, आणि एक पडला तर दुसऱ्याला पुढे आणणारी पेसमेकर-कोरोसिंक ही जोडी. वेब सर्व्हरना एकच फिरता आयपी, म्हणजे चालू सर्व्हरकडे जाणारा पत्ता, दिसेल.

सामान: दोन रिफर्बिश्ड रॅक सर्व्हर, प्रत्येकात ६४ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) मेमरी आणि दोन पॉवर सप्लाय. प्रत्येकी दोन ३.८४ टीबीचे एंटरप्राइज साटा एसएसडी, एमडी रेड-१ मध्ये, म्हणजे एकमेकांचा आरसा. दोन पोर्टची १० गिगाबिट कार्डं, दोन्ही सर्व्हरमध्ये थेट जाणारी एक डॅक केबल, नेटवर्कवरून सॉकेट बंद-चालू करता येणारे दोन पीडीयू. सर्व्हर जुने चालतील, एसएसडी नवेच.

आतल्या आत रेड-१ आणि वर डीआरबीडी, म्हणजे चार प्रती. हे जास्त वाटेल. पण रेड-१ नसेल तर एक एसएसडी जाताच सगळं काम दुसऱ्या सर्व्हरवर न्यावं लागतं. एका डिस्कसाठी फेलओव्हर (दुसऱ्या सर्व्हरकडे सूत्रं देणं) नको, एवढ्यासाठीच हा खर्च. बॅकअप म्हणून यातली एकही प्रत मोजायची नाही. चुकून खोडलेली फाइल चारही ठिकाणांहून एकदमच जाते.

चार एसएसडी दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून, वेगळ्या बॅचचे मागवले. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की फर्मवेअर न बदललं तर ते ३२,७६८ तास चालून बंद पडतील. आरशातल्या दोन डिस्क एकाच दिवशी सुरू केल्या तर अशा दोषात त्या एकाच दिवशी जातात. बसवण्याआधी फर्मवेअर तपासणं यादीत घातलं.

१८ जून

एसएसडी आले. पहिली परीक्षा एफआयओची (डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम): ४ केबीचं विखुरलेलं लिखाण, प्रत्येकानंतर एफसिंक (डिस्कवर उतरल्याची खात्री), रांगेची खोली १, म्हणजे एका वेळी एकच लिखाण. पेटीवरचा 'सेकंदाला ५०० एमबी' हा आकडा इथे काही सांगत नाही.

तुलनेसाठी लॅपटॉपात वापरतात तसला साधा एसएसडी लावून पाहिला. तो सेकंदाला काही शेकडा लिखाणांवरच अडकला. एंटरप्राइज एसएसडी कित्येक हजारांवर गेले. फरक कपॅसिटरचा. वीज गेली तर हातातलं लिखाण पुरं करण्याइतकी ऊर्जा एंटरप्राइज एसएसडीत साठवलेली असते, म्हणून तो 'लिहिलं' असं लगेच सांगू शकतो. साध्याला दर वेळी खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं. खरेदीच्या ऑर्डरवर 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' हे शब्द असलेच पाहिजेत.

याचा संबंध एनएफएसच्या सिंकशी. एक्सपोर्ट (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) असिंक केला तर साध्या डिस्कवरही सगळं वेगवान दिसतं, कारण सर्व्हर डेटा डिस्कवर जायच्या आधीच 'झालं' म्हणतो. अशा वेळी सर्व्हर पडला तर 'तुमचा फोटो मिळाला' असं वाचकाला सांगून झालेलं असतं आणि फोटो कुठेच नसतो. डीआरबीडीही तो वाचवू शकत नाही. मेमरीतून डिस्ककडे जे निघालंच नाही त्याची प्रत होत नाही. एक्सपोर्ट सिंकच राहील.

२३ जून

डीआरबीडी उभं केलं, प्रोटोकॉल सी: दोन्हीकडे लिहून झाल्यावरच लिखाण पुरं. मेटाडेटा (डीआरबीडीच्या स्वतःच्या नोंदी) त्याच डिस्कवर ठेवला. दर टीबीला साधारण ३२ एमबी लागतात.

पहिली सिंक संथ. सी-मॅक्स-रेट (सिंकच्या वेगाची मर्यादा) ठरवलेला नसताना तो सेकंदाला १०० एमबीच्या आसपास असतो. ३.८४ टीबीला सुमारे दहा तास. मर्यादा ४०० एमबी केली, अडीच तासांत संपलं. चालू कामात मात्र ही मर्यादा परत खाली आणली, नाहीतर री-सिंक सुरू असताना वाचकांचं लिखाण मागे पडतं.

कोरोसिंकला दोन वाटा दिल्या: एक थेट केबल, दुसरी स्विचमधून. दोघांच्या क्लस्टरमध्ये बहुमत होत नाही, म्हणून तिसरं मत क्यूडिव्हाइसचं, दुसऱ्या रॅकमधल्या एका छोट्या व्हर्च्युअल मशीनवर.

२७ जून

फेलओव्हर केला आणि चारही वेब सर्व्हरवर 'स्टेल फाइल हँडल' ही चूक.

चूक क्रमाची होती. पेसमेकरमध्ये फिरता आयपी एक्सपोर्टच्या आधी उभा राहत होता. मधल्या क्षणी वेब सर्व्हर नव्या मशीनपर्यंत पोचायचे, एनएफएस उत्तरही द्यायचं, पण फोल्डर अजून एक्सपोर्ट झालेलं नसायचं. म्हणून 'ही फाइल माझ्याकडे नाही'. आयपी पोचलाच नसता तर क्लायंट निमूट थांबून पुन्हा विचारत राहिला असता. चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा उत्तरच न मिळालेलं बरं.

योग्य क्रम: डीआरबीडी प्रमोट (त्या सर्व्हरला प्रायमरी, म्हणजे मुख्य, करणं), मग फाइल सिस्टम, मग एनएफएस सर्व्हर, मग एक्सपोर्ट, आणि आयपी सगळ्यात शेवटी. बंद करताना बरोबर उलटं, आयपी आधी काढायचा. एक्सपोर्टला दोन्हीकडे एकच एफएसआयडी (साठ्याचा ओळख क्रमांक) हाताने दिला, म्हणजे फायलींची ओळख मशीन बदललं तरी बदलत नाही.

१ जुलै

आज खरी चाचणी. वेब-३ वर एक छोटी स्क्रिप्ट दर अर्ध्या सेकंदाला साठ्यावरच्या फायलीत वेळ लिहिते. ती चालू ठेवून स्टोरेज-१ च्या दोन्ही पॉवर केबल ओढल्या.

१४:०७:३१.५ ला ओळी थांबल्या. मिनिट गेलं, दोन गेली. स्टोरेज-२ पूर्ण निरोगी, डेटा अद्ययावत, तरी सूत्रं हाती घेईना.

लॉगमध्ये कारण स्पष्ट दिसलं. समोरचा सर्व्हर दिसेनासा झाला तर तो मेला आहे की फक्त नेटवर्क तुटलंय हे स्टोरेज-२ ला कळत नाही. म्हणून आधी त्याला आयपीएमआयवरून (सर्व्हरमधलाच दूरनियंत्रणाचा भाग) बंद करायचं, 'बंद झाला' अशी खात्री पटली की मग प्रमोट व्हायचं. पण आयपीएमआय त्याच सर्व्हरच्या विजेवर चालतं. वीजच गेली, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी नाही, खात्री नाही, प्रमोशन नाही. क्लस्टरचं वागणं बरोबर होतं. दोघंही प्रायमरी झाले असते तर दोन वेगळे इतिहास तयार झाले असते आणि एक फेकून द्यावा लागला असता.

उपाय: फेन्सिंगच्या दोन पातळ्या. पहिली आयपीएमआय, ती हरली तर दुसरी पीडीयू. सर्व्हरला दोन सप्लाय आहेत, त्यामुळे दुसऱ्या पातळीत दोन्ही पीडीयूंचे सॉकेट आधी बंद करायचे आणि मगच चालू. एक बंद-चालू, मग दुसरा बंद-चालू असं केलं तर सर्व्हर एका क्षणासाठीही मरत नाही. फेन्सिंग नको म्हणून स्टोनिथ (पेसमेकरमधली फेन्सिंगची सोय) बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो घेऊ नये.

पुन्हा केबल ओढल्या. या वेळी प्रमोशन झालं.

३ जुलै

प्रमोशन झालं तरी लिखाणातला खंड अजून मोठा: दीड मिनिटापेक्षा जास्त. हा एनएफएस ४ चा ग्रेस काळ. सर्व्हर नव्याने उठला की जुन्या क्लायंटना आपली लॉक परत मागू देतो आणि तोवर नवी फाइल उघडू देत नाही. मूळ मुदत ९० सेकंद. सगळे ओळखीचे क्लायंट परत आले तर तो काळ लवकर संपवतो. चाचणीत वेब-४ मुद्दाम बंद ठेवला होता, सर्व्हर त्याचीच वाट पाहत बसला.

लीज (क्लायंटच्या लॉकची मुदत) आणि ग्रेस दोन्ही १५ सेकंदांवर आणले. क्लायंटची नोंदवही दोन्ही सर्व्हरना एकच दिसावी म्हणून ती डीआरबीडीवरच्या फोल्डरात ठेवली. हे राहून गेलं तर नवा सर्व्हर कोणालाच ओळखत नाही आणि क्लायंटची उघडी लॉक नाकारतो.

आजची मोजणी, केबल ओढल्यापासून पुढची ओळ येईपर्यंत: ३८, ४१ आणि ३६ सेकंद. नियोजित बदलाला १९. पुरेसं आहे.

५ ते ७ जुलै बदल बंद. ६ ला आषाढी एकादशी, वारीचे फोटो येणार.

९ जुलै

आता वेब सर्व्हरची बाजू.

माउंट 'हार्ड', म्हणजे सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबणारा. 'सॉफ्ट' ठेवला तर सर्व्हर थोडा उशीर करताच ॲप्लिकेशनला चूक मिळते, आणि ती न तपासणारा कोड अर्धी फाइल पूर्ण समजून पुढे जातो. जुना माउंट सॉफ्ट होता.

हार्डचीही किंमत असते. चाळीस सेकंद साठा गोठला की फोटोला हात लावणारी प्रत्येक पीएचपी प्रक्रिया अडकते. ५० पैकी ५० अडकल्या की फोटो नसलेलं पानही उघडत नाही. म्हणून फोटो चढवण्यासाठी पीएचपी-एफपीएमचा वेगळा पूल केला, फोटो दाखवणं पूर्णपणे एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या थ्रेड पूलवर टाकलं. एचएप्रॉक्सीची तब्येत-तपासणी साठ्याला हात लावत नाही. लावली असती तर फेलओव्हरच्या चाळीस सेकंदांत चारही वेब सर्व्हर एकदम 'आजारी' ठरले असते.

एक विचित्र तक्रार चाचणीत आली: फोटो चढला, वेब-२ वर दिसतो, वेब-१ वर ४०४, मिनिटभराने आपोआप ठीक. झालं असं की वेब-१ ने 'हे थंबनेल आहे का?' असं आधी विचारलं होतं, 'नाही' हे उत्तर लक्षात ठेवलं, आणि नंतर थंबनेल वेब-२ ने बनवलं. एनएफएस क्लायंट नसलेल्या फायलींचीही आठवण ठेवतो आणि फोल्डरची माहिती ३० ते ६० सेकंद ताजी मानतो. माउंटला 'लुकअपकॅश=पॉझिटिव्ह' (फक्त सापडलेल्या फायलींची आठवण) दिलं, तक्रार थांबली. सगळी कॅशच बंद करण्याची घाई करू नये, वेग फार पडतो.

अजून एक सापळा: माउंट झालाच नाही तर त्या जागी एक साधं रिकामं फोल्डर असतं, आणि ॲप्लिकेशन आनंदाने त्यात लिहू लागतं. नंतर माउंट झाला की ते फोटो खाली झाकले जातात. म्हणून माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने 'इम्युटेबल', म्हणजे न बदलता येणारं, केलं, आणि सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीत पीएचपीची सेवा माउंटवर अवलंबून ठेवली.

१४ ते २१ जुलै

नक्कल. ४२ लाख फायलींना एकच आरसिंक लावला तर वेळ डेटाला कमी, फायली मोजण्यातच जास्त. वरच्या २५६ फोल्डरांची यादी करून एका वेळी आठ आरसिंक चालवले. दिवसा चार, रात्री आठ.

मालकीचा घोळ पहिल्याच दिवशी दिसला. जुन्या सर्व्हरवर वेबचा युजर क्रमांक ४८, नव्या डेबियन लिनक्सवर ३३. आकडे जसेच्या तसे आणले तर फोटो दिसतात, पण त्या फोल्डरांत नवा चढवता येत नाही आणि जुना खोडता येत नाही, म्हणून नुसतं पाहून चूक कळत नाही. नकलेतच मालक बदलून घेतला.

मूळ फोटोंचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) डेटाबेसात आहे, तो सगळ्या ९ लाखांवर पडताळला. ३७ फायली शून्य बाइटच्या निघाल्या, सगळ्या जुन्या सर्व्हरवरही तशाच. सॉफ्ट माउंटच्या खुणा. त्यातल्या २२ जुन्या बॅकअपमधून सापडल्या. १५ वाचकांचे फोटो गेले ते गेले. त्यांना तसं स्पष्ट कळवून नवा फोटो मागवला.

२४ जुलै

पहाटे २ ला चढवणं बंद, पाहणं चालू. शेवटच्या फेरीत पूर्ण झाड पुन्हा चाळलं नाही. मागच्या नकलेनंतर चढलेल्या फायलींची यादी डेटाबेसातून काढून तेवढ्याच आणल्या. खोडलेल्यांची यादीही काढली आणि त्या नव्या साठ्यावरून पुसल्या. हे सुटलं असतं तर वाचकांनी काढून टाकलेले फोटो परत दिसू लागले असते.

एकेक वेब सर्व्हर एचएप्रॉक्सीतून बाहेर काढून माउंट बदलला, तपासून परत आत घेतला. २:५० ला चढवणं सुरू. जुना सर्व्हर रीड-ओन्ली, निदान महिनाभर तसाच राहील.

५ ऑगस्ट

बॅकअप: रोज रात्री रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने दुसऱ्या इमारतीत, फक्त मूळ फोटो, थंबनेल पुन्हा बनतात. आज परत आणण्याची चाचणी म्हणून यदृच्छेने निवडलेले २,००० फोटो आणून शा जुळवले. सगळे जुळले.

इशारे लावले: डीआरबीडी 'अप-टू-डेट' नसेल तर लगेच फोन, रेड-१ मधली डिस्क गळाली तर लगेच, जागा ७० टक्क्यांवर गेली तर ईमेल. एसएसडीची झीज आठवड्याला एकदा. पीडीयूला लॉगिन होतं का हे रोज तपासलं जातं. दुसऱ्या पातळीचं फेन्सिंग वर्षातून एकदाच लागेल आणि नेमकं त्याच दिवशी पासवर्ड बदललेला असेल, असं व्हायला नको.

८ ऑगस्ट

आज रात्रपाळीच्या सहकाऱ्याने कोणाच्याही मदतीशिवाय, केवळ लिहिलेल्या पायऱ्या वाचून, चालू साइटवर फेलओव्हर करून परत आणला. दोन ठिकाणी अडला: 'मेंटेनन्स मोड काढा' ही पायरी क्रमात खाली राहिली होती, आणि डीआरबीडी 'अप-टू-डेट' होईपर्यंत थांबायचं हे लिहिलंच नव्हतं. दोन्ही दुरुस्त केलं, कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवला.

उरलेली कामं: डीआरबीडी व्हेरिफाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे, पहिली फेरी ७ सप्टेंबरला, विसर्जनानंतर. रीड-ओन्ली ठेवलेला जुना सर्व्हर त्यानंतरच उतरवायचा.